सिगारवर पांढरं काहीतरी आलंय, आणि तुम्ही लोक तासभर बसून करता तरी काय?

कट्ट्यावरचा (ठाणे) | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे. मेहुण्याने मार्चमध्ये येताना सिगारचा लाकडी डबा आणला आणि माझ्याकडे दिला. मी सिगारेटही ओढत नाही. कॉलेजात एकदा ठसका लागला आणि तो विषय तिथेच मिटला. डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात स्वेटरांच्या मागे टाकला होता. आज सहज उघडला तर दोन-तीन सिगारांवर पांढरं काहीतरी आलंय. बायको म्हणते फेकून दे. मेहुणा पुढच्या महिन्यात परत येतोय आणि पहिला प्रश्न डब्याचाच करणार.

ही बुरशी आहे का? वाचवता येतील का? घरात दमट इतकं आहे की मीठसुद्धा बरणीतून निघत नाही.

दुसरा प्रश्न जरा अवांतर. गेल्या वेळी मेहुणा आमच्या गच्चीत सिगार घेऊन बसला होता. तास-सव्वा तास. फोन नाही, गाणी नाही, चेहरा असा की घराचं कर्ज फिटलंय. तुम्ही सिगारवाले एवढा वेळ नक्की करता काय?

वरणभाततूप | शनिवार, रात्री ११:५८

तेवढ्या वेळात माझा कुकर होतो, भाजी होते, ओटा पुसून होतो आणि उद्याचे मूग भिजत पडतात. एवढंच नोंदवून खाली बसते.

विश्रामबागचे काका (सांगली) | रविवार, सकाळी १०:१५

कट्ट्यावरचे साहेब, आधी पांढऱ्याचं बघू.

एक सिगार खिडकीशी नेऊन उजेडात धरा. पांढरं सपाट, पिठूळ असेल आणि कोरड्या सुती फडक्यानं पुसलं जात असेल तर पुसा आणि विसरा. हिरवट-निळसर केसाळ असेल, किंवा पेटवायच्या टोकातून आत शिरलेलं असेल, तर तो सिगार गेला. मोह धरू नका. काही दुकानदार या पांढऱ्याला 'पानातलं तेल वर आलंय, माल मुरलाय' असं सांगून दोन पैसे जास्त लावतात. जुलैत ठाण्यात वर आलेलं पांढरं ही बुरशीच. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर मात्र तंबाखूतला किडा. त्याची अंडी पानातच असतात आणि उकाडा वाढला की फुटतात. तसं असेल तर डबा दोन पिशव्यांत घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढलात तर वरचं पान तडकेल.

सिगारला ६५ ते ७० टक्के दमटपणा मानवतो. तुमच्याकडे पावसाळ्यात तो नव्वदीला टेकतो, आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी तिशीच्या खाली येतो. म्हणजे तुमचे कुजतात, आमचे फुटतात. चारी बाजूंनी कटकन झाकण बसणारा प्लॅस्टिकचा हवाबंद डबा घ्या, नवा कोरा. त्यात दमटपणा राखणारी पुडी टाका. ६५ किंवा ६९ असा आकडा छापलेली मिळते. जास्त झालं तर पाणी ओढून घेते, कमी झालं तर सोडते. ओला स्पंज ठेवायचा सल्ला कुणी देईल, पावसाळ्यात ऐकू नका.

दमटपणा मोजायचं काट्याचं यंत्र मिळतं. त्यावर लगेच विश्वास टाकू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलं करा. विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूइतपतच. ते झाकण आणि यंत्र एकाच हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ वर असला पाहिजे. नसेल तर जितका फरक तितकी त्या यंत्राची थाप, जास्त दाखवत असेल तर पुढे तेवढं वजा करून वाचा, कमी दाखवत असेल तर मिळवून. माझं यंत्र पाच जास्त दाखवतं. ते नवीन घ्यायची गरज मला कधी वाटली नाही.

आणि हो, स्वेटरांच्या मागे ठेवला होता म्हणता. तिथं डांबरगोळ्या होत्या का? असतील तर विषय गंभीर आहे. तंबाखूचं पान शेजारचा वास पिऊन घेतं. शेजारी हिंग असेल तर हिंग येणार, अत्तर असेल तर अत्तर. बुरशी पुसता येते. डांबरगोळी नाही.

आता दुसरा प्रश्न. तासभर मी काय करतो? पेपर ऐकतो.

धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून मला वाचता येत नाही, असं मी घरात सांगत आलोय. खरं कारण असं, की एका हातानं मोठा पेपर दुमडता येत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी ही वाचते आणि मी ऐकतो. शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. बसते वाऱ्याच्या वरच्या अंगाला, माझ्यापासून चांगली दहा फुटांवर. तिची अट आहे ती. दुसरी अट म्हणजे आठवड्याचा बाजार माझ्याकडे.

हा काही आमच्या घरचा शोध नव्हे. क्यूबात सिगार वळणाऱ्या कारखान्यांत १८६५ पासून वाचून दाखवणारा माणूस असतो. शेकडो कामगार रांगांनी बसून चपट्या पात्यानं पानं कापताहेत, वळताहेत आणि समोर उंच ओट्यावर बसून एकजण वाचतोय. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. म्हणजे काय वाचायचं हेही तेच ठरवणार. पुढच्याच वर्षी, १८६६ साली, तेव्हाच्या स्पॅनिश सरकारनं त्यावर बंदी घातली, यावरून काय ते समजा. पुढे हीच पद्धत क्यूबन कामगारांबरोबर फ्लोरिडातल्या टँपात गेली. तिथल्या मालकांनी १९३१ साली वाचणाऱ्यांचे ओटे काढून टाकले आणि त्या जागी रेडिओ आणले. मला त्या मालकांचं कौतुक वाटतं. आज आमच्या हॉलमध्ये भिंतीवर काय टांगलंय ते त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तर आमच्याकडे वाचनाचा क्रम ठरलेला. पावसाळ्यात पहिली बातमी राजकारणाची नसते, कृष्णेची असते. आयर्विन पुलापाशी किती फूट, कोयनेतून किती क्युसेक. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. विश्रामबाग उंचावर आहे म्हणून आमचं घर कोरडं राहिलं, पण गावभागातले सगळे नातलग आमच्याकडे. स्वयंपाकघरात झोपायला जागा नव्हती. त्या दिवसांत मला सिगारची आठवणही झाली नाही. त्याशिवाय माझं काही अडत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं. पाणी ओसरल्यावर, गाळ काढून झाल्यावर, पहिला पेटवला तो कसा लागला हे मात्र अजून आठवतं.

मग अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचं खालच्या अंगाचं, कर्नाटकातलं धरण. त्याचं पाणी मागे तुंबून सांगलीत पूर येतो, अशी इथली तक्रार. धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा हट्ट. ही बातमी वाचताना ही मधेच थांबते आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघते. माझं म्हणणं असं, की अलमट्टीवर बोट दाखवणं आम्हाला फार सोयीचं आहे. त्यात नदीच्या पात्रात आणि ओढ्यांवर आम्हीच बांधलेली मंगल कार्यालयं आणि अपार्टमेंट झाकली जातात. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. तरी उंची वाढवायला माझा विरोध आहे. जिथं दर दोन-चार वर्षांनी जीव मुठीत धरून बसावं लागतं, तिथल्या माणसाला 'कागदावर धोका नाही' हे ऐकवू नये. ही म्हणते, दोन्हीकडून बोलता. मी म्हणतो, पाणी दोन्हीकडून येतं.

शेवटी निधनवार्ता. आमच्या वयात हे पान सगळ्यात ताजं असतं.

आता तुम्ही विचाराल, ह्यात सिगार कुठं आला? तो हातात असतो. पेटवताना काडीपेटीची साधी काडी, गंधक जळून जाऊ द्यायचं. मग टोक ज्योतीच्या वर धरायचं, ज्योतीत नाही, आणि फिरवत राहायचं. कडेनं तांबूस गोल रेघ दिसायला लागली की मग पहिला झुरका. घाई केली तर एका बाजूनं जळत जातो आणि शेवटपर्यंत कडवट लागतो. राख झटकायची नाही, इंचभर साचू द्यायची. विझवायचाही नाही, ठेवून दिला की आपोआप विझतो. चिरडला की घाण वास सुटतो आणि मग तुमची बायको म्हणते ते खरं ठरतं.

मला हा नाद त्रिचीत लागला. ऐंशीच्या दशकात बँकेनं तिकडे बदली केली. भाषा येत नाही, जेवणात भाकरी नाही, संध्याकाळी करायला काही नाही. गांधी मार्केटमध्ये कांद्याची पोती उतरवणारा एक म्हातारा हमाल दुपारी पोत्यावर टेकून काळा चिरूट ओढायचा. त्यानं मला पहिला दिला. उरैयूरला घराघरांत वळले जायचे ते. दोन्ही टोकं उघडी, कापायची भानगड नाही. एकेकाळी तिथला माल विलायतेला जायचा, चर्चिलही ते ओढायचे असं तिकडचा प्रत्येक दुकानदार सांगायचा. गावाबाहेरच्या मुनीश्वरनाला लोक चिरूट ठेवायचे. आपल्या तळकोकणात राखणदाराला विडी ठेवतात तसाच भक्तिभाव.

म्हणून मला सिगारच्या रुबाबाचं हसू येतं. आपल्याकडे सिगार म्हटलं की चर्चिल, बाळासाहेब ठाकरे आणि हिंदी सिनेमातला तस्कर, एवढेच डोळ्यांसमोर येतात. मला कांद्याचा हमाल दिसतो.

शेवटचं. मुंबई-पुण्यात हल्ली सिगारप्रेमी मंडळी भेटतात. ती फार छान बोलतात. यात रसायनं नसतात, हे निसर्गाचं आहे, यानं ताण जातो, माणूस अंतर्मुख होतो. असं कुणी सुरू केलं की मी खुर्ची मागे सरकवतो. तंबाखू आहे हो ती. मला आवडते. आवडीला कारण जोडलं की खोटं बोलायला सुरुवात होते, मग ते सिगारचं असो नाहीतर पक्षाचं.

डॉ. कानघसा | रविवार, दुपारी २:३०

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटच्या परिच्छेदाबद्दल सलाम. पण नाक-कान-घशाचा डॉक्टर असल्यामुळे गप्प बसता येत नाही.

'आम्ही धूर आत घेत नाही' हे सिगारवाल्यांचं आवडतं वाक्य. सिगारचा धूर सिगारेटच्या मानानं अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन गालातून आणि जिभेखालूनच रक्तात उतरतं. फुफ्फुसापर्यंत जायची गरजच पडत नाही. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. फ्रॉईड दिवसाला वीसेक सिगार ओढायचा. १९२३ साली टाळू आणि जबड्याचा कॅन्सर निघाला, मरेपर्यंत तीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. माणसाचं मन कसं चालतं हे जगाला सांगणारा माणूस होता तो.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही असेल तर थांबू नका. आणि धागाकर्ते, तुम्ही ओढत नाही ना? मग मेहुण्याचा डबा मेहुण्याला द्या. 'वाया जाऊ नये' म्हणून सुरू केलेले पेशंट मी पाहिले आहेत.

शेंगाचटणी (सोलापूर) | रविवार, रात्री ९:०५

काका, तुमच्याकडे पेपर वाचतात, आमच्याकडे टीव्ही बोलतो. माझी आई विडी कामगार. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आमचं घर आहे, तिथं सकाळपासून दारोदार हेच दृश्य. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं. चिमूट टाकायची, वळायची, नखानं तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन फेर. हे सगळं बोलता बोलता होतं, पण नजर सुपातून वर येत नाही. म्हणजे टीव्हीवर कोण भांडतंय ते आई आवाजावरून ओळखते, चेहरे तिला माहीत नाहीत. एकदा एका प्रवक्त्याचा फोटो दाखवला तर म्हणाली, हा एवढासा आहे होय!

आणि हजार विड्यांमागे कारखान्यात छाट निघते ती वेगळी. वाकडी, सैल, पान फाटलेलं असं म्हणून बाजूला काढतात. त्याचे पैसे नाहीत.

आता प्रश्न. विडीवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, तेंदूपानाचा १८ वरून ५. सिगार-सिगारेटला २०२६ च्या फेब्रुवारीपासून ४०. सिगारवाल्यांच्या एका ग्रुपवर यावरून फार रडारड वाचली, 'गरिबाचं विष स्वस्त, आमचं महाग' वगैरे. तुम्हालाही हा अन्याय वाटतो का? खवचटपणे विचारत नाही. (थोडं खवचटपणेच. हलकं घ्या.)

कट्ट्यावरचा (ठाणे) | सोमवार, सकाळी ८:२०

सर्वांचे आभार. डांबरगोळ्या होत्या. पुढचं लिहीत नाही.

यंत्र मागवलं, मिठाची परीक्षा घेतली, ८३ दाखवतंय. म्हणजे आठची थाप. डॉक्टर, सुरू करत नाही, निश्चिंत राहा.

विश्रामबागचे काका (सांगली) | सोमवार, सकाळी ११:५०

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य. पूर्वी रोज होता, आता फक्त रविवार, आणि दर सहा महिन्यांनी दंतवैद्यापुढे तोंड उघडून बसतो. ही अटही त्याच दहा फुटांवरून आलेली आहे. धोका शून्य झाला असं मी समजत नाही.

शेंगाचटणी, अन्याय मुळीच नाही. ज्याला सिगार परवडतो त्याला कर परवडतो. नाही परवडला तर सोडावा, सिगारशिवाय कुणी मेलेलं नाही. (सिगारनं मेलेल्यांची यादी डॉक्टरांकडे असेल.) 'गरिबाचं विष' म्हणणाऱ्यांना गरिबाचा कळवळा आलेला नाही, त्यांना आपलं बिल दिसलंय.

पण विडीवरची सवलत मलाही पूर्ण पटत नाही, वेगळ्या कारणानं. कामगारांसाठी म्हणून कर उतरवला असं सांगतात. तर मग तुझ्या आईची हजारामागची मजुरी वाढली का? छाटीचे पैसे मिळायला लागले का? विडी ओढणाऱ्याचा घसा काही दहा टक्क्यांनी कमी जळत नाही. तंबाखूच्या साखळीत पैसा कुठं अडकतो ते मी निपाणीच्या बाजूला नोकरी करताना पाहिलंय. वखारी मालानं भरलेल्या, व्यापाऱ्यांची घरं दुमजली, आणि पिकवणारा आमच्या काउंटरवर मुदतवाढ मागायला उभा. १९८१ साली शरद जोशींच्या हाकेवर तेच शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर बैलगाड्या घेऊन बसले. गोळीबार झाला, १२ जण गेले. आजही त्या भागात तंबाखू पिकते आणि आजही भावाची तीच बोंब. कराचा आकडा दिल्लीत वर जातो, खाली येतो. पान लावणारा आणि पान वळणारी, या दोघांपर्यंत तो पोचलेला मी पाहिला नाही.

ती मालदीवची बातमी वाचली असशील. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तिथं १ जानेवारी २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू विकत नाहीत, पर्यटकालाही नाही. हिनं ती वाचली आणि विचारलं, आपल्याकडे आणला तर? मी म्हटलं, आणावा. नातू त्या तारखेनंतरचाच आहे. मग तिनं विचारलं, आणि कुंभारीतल्या बायका? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडे असेल तर इथं जरूर लिहा, पण 'शिलाई मशीन वाटा' हे लिहू नका. ते ऐकून ऐकून कान किटलेत.

एक विचारायचं होतं. आईला विचार, टीव्हीऐवजी कुणी शेजारी बसून वाचून दाखवलं तर काय ऐकायला आवडेल?

शेंगाचटणी (सोलापूर) | सोमवार, रात्री १०:३०

मजुरी वाढली नाही. छाट तशीच.

विचारलं. ती तेलुगूत बोलली, मी मराठीत लिहिते: आधी सोन्याचा भाव. मग कुणी कुणाला पळवलं ते, नावागावासकट. राजकारण नको, ते टीव्हीवर फुकट ऐकू येतं. आणि वाचणाऱ्यानं चहा स्वतःचा स्वतः करून प्यावा, मी उठणार नाही.